सौदे मशीन करणार, मग मी काय शिकू?

तुझं पत्र मिळालं. वडिलांचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप, तू बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, आणि करिअर करायचंय ते ‘एआय आणि वाटाघाटी’ या विषयात. मामा म्हणतात, पुढे सौदे मशीनच करणार, माणसाला कोण विचारतंय! आणि तू सहा महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटची फी भरायला निघाली आहेस.

फी आधी थांबव. मामांचं म्हणणं अर्धं खरं आहे. वॉलमार्टने २०२१ मध्ये कॅनडात छोट्या पुरवठादारांशी चॅटबॉटमार्फत बोलणी केली आणि त्यातल्या ६४ टक्क्यांशी करार जुळले. पण ही बोलणी अशी होती, की ज्यांच्यासाठी खरेदी विभागातल्या माणसांना वेळच काढता येत नव्हता. शिवाय किती सूट द्यायची, कुठे थांबायचं, या मर्यादा माणसांनीच आखल्या होत्या.

मला जास्त शिकवणारं उदाहरण जुनं आहे, आणि ते एआयचंही नाही. १९७०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा परिषदेत समुद्रतळाच्या खाणींवरून घोडं अडलं होतं. भारताची मागणी होती, कंपन्यांनी प्रत्येक क्षेत्रामागे सहा कोटी डॉलर आधी भरावेत. अमेरिका म्हणत होती, एक पैसाही नाही. मग अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं खाणीच्या जमाखर्चाचं संगणकीय मॉडेल पुढे आलं. कमाई सुरू व्हायच्या कितीतरी आधी एवढी रक्कम भरली तर धंदाच बुडतो, हे त्यातून भारताच्या बाजूला दिसलं; आणि थोडी रक्कम सहज झेपते, हे अमेरिकेला. दोघेही हलले. आकडे दोन्ही बाजूंना पटले, म्हणून हे जमलं. नमतं घ्यायचं की नाही, हे मात्र माणसांनीच ठरवलं.

तू घरातूनच सुरुवात कर. पेमेंट ९० दिवसांनी देणारी एखादी पार्टी वडिलांकडे असणारच. चॅटबॉटला त्या पार्टीचा परचेस मॅनेजर व्हायला सांग आणि त्याच्याशी दराबद्दल, रिजेक्शनबद्दल (म्हणजे नापास झालेल्या मालाबद्दल), पेमेंटच्या मुदतीबद्दल बोल. पार्टीचं नाव, ड्रॉइंग, खरं कॉस्टिंग त्यात टाकू नकोस. ते गुपित तुमचं एकट्याचं नाही. लवकरच लक्षात येईल, हा मॅनेजर फार गोड आहे, दोन वाक्यांत मान्य करतो. खरा मॅनेजर नुसता गप्प बसतो आणि आपणच घाबरून दर उतरवतो. कायद्याचा मुद्दा निघाला तर मूळ कलम स्वतः वाच. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायला हवं, हे २००६च्या एमएसएमई कायद्यात आहे. आता ही पार्टी टिकवायची की कलम दाखवायचं, हे वडिलांना विचार. तुझा खरा अभ्यासक्रम तिथे आहे.

पुढचा रस्ता? मी तुझ्या जागी असतो तर दोन वर्षं कुठल्याही कारखान्याच्या खरेदी विभागात काढली असती आणि मग एमबीए केलं असतं. एक्सेल पक्कं हवं, थोडं पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आलं तर उत्तम. वाद मिटवण्यात रस असेल तर कायद्याची पदवी घे. २०२३च्या मध्यस्थी कायद्यात ऑनलाइन मध्यस्थीचीही तरतूद आहे आणि मध्यस्थांसाठी ४० तासांचं प्रशिक्षण असतं. तिथेही कागद वाचून दोन्ही बाजूंचे मुद्दे काढायला एआय कामाला येईल.

तोवर पार्टी भेटायला आली की वडिलांच्या शेजारी बस. बोलू नकोस. कोणी आधी आकडा सांगितला, कधी विषय बदलला, एवढंच वहीत टिपून मला पाठव.