एकाच बनावटीच्या दोन रायफली, मग ग्रुपिंग वेगळं का?

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजात एनसीसीला आहे. फायरिंगला तिला .22च्या दोन रायफली मिळाल्या, दोन्ही एकाच बनावटीच्या. एकीवर तिचं ग्रुपिंग, म्हणजे टार्गेटवरच्या गोळ्यांचा पुंजका, दोन बोटांत मावतं, दुसरीवर तळहाताएवढं पसरतं. नळीत असं काय वेगळं असतं? आणि लांब नळीची रायफल जास्त अचूक, हे खरं का? — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ताई, आधी लांबीचं मिटवून टाकू. .22च्या काडतुसात दारू इतकी थोडी असते की साधारण 16 ते 18 इंचांत तिचं काम उरकतं. त्यापुढच्या लांबीनं गोळीचा वेग वाढत नाही. लांब नळीचा फायदा एवढाच की फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकाकडची नेम धरायची खूण, डोळ्यापासून दूर जाते आणि नेमातली चूक लवकर दिसते. हल्ली स्पर्धेच्या कित्येक रायफलींत आटे (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या पिळदार खाचा) असलेली नळी आखूडच असते, पुढे नुसतं पोकळ नळकांडं जोडून फोरसाइट लांब नेलेली असते.

आता नळीचं. नौदलात आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणून काम करताना माझं एक मत पक्कं झालं : चांगली नळी म्हणजे प्रत्येक गोळीला हुबेहूब तेच करणारी नळी. आटे कापून पाडलेले असोत, बटण (आट्यांचा ठसा उमटवणारा कठीण तुकडा) ओढून असोत की घणांखाली ठोकून, तिन्ही रीतींनी उत्तम नळ्या बनतात. भोक मात्र टोकापासून टोकापर्यंत एकसारखं हवं. गोळी बाहेर पडते त्या तोंडाकडे किंचित आवळत गेलेलं चालेल, सैल होत गेलेलं मुळीच नाही. हे हाताला कळतं. रायफल रिकामी करून, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढून मऊ शिशाचा तुकडा गजानं हळूहळू पुढे ढकलायचा. चांगल्या नळीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच जोर लागतो. वाईट नळीत मध्येच गज भसकन पुढे जातो आणि चार बोटांवर पुन्हा अडतो. गोळीचं शिसंही तिथं असंच सैल पडतं, आणि आट्यांची पकड पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही.

पण तुमच्या लेकीच्या रायफलीबद्दल माझा पहिला संशय नळीच्या तोंडावर आहे. .22चे आटे 16 इंचांत एक फेरा घेतात, म्हणजे सव्वातीनशे मीटर वेगानं निघालेली गोळी सेकंदाला सुमारे 800 वेळा फिरते. ती तोंडाबाहेर पडते त्या क्षणी मागचा गॅस तिच्या बुडाभोवतीनं सुटतो. तोंडाची कड सगळीकडे सारखी असेल तर तो चहूबाजूंनी सारखा सुटतो. एका बाजूला कड झिजलेली असली की तिथून आधी सुटतो, गोळीचं बूड ढकलतो, आणि कलत्या भोवऱ्यासारखी डुलतच ती निघते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) कांस्य जिंकलं. त्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं आणि गोळीच 5.6 मिलिमीटरची. तिथं एवढंसं डुलणंही महागात पडतं.

ही कड बहुतेकदा गोळ्यांनी झिजत नाही, साफसफाईनं झिजते. पुलथ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंदी लावून कॅडेट दोरी जोरात ओढतात, आणि ओढतात तिरकी. दोरी रोज त्याच बाजूला घासते. त्यात आपल्याकडे फायरिंग समुद्राकाठी असलं तर ओलसर दोरीला बारीक वाळू चिकटते, आणि ती वाळू पोलाद खाते. दोरी स्वच्छ ठेवावी, नळीच्या सरळ रेषेत ओढावी. गज वापरायचा तर बोल्टच्या बाजूनं घालावा. एवढं पाळलं तरी .22ची नळी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

तपासायची रीत सोपी आहे. रायफल रिकामी आहे याची उस्तादांनी (फायरिंग शिकवणाऱ्यांनी) खात्री केल्यावर, कान साफ करायची कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवरून गोल फिरवायची. धागा जिथं अडकेल तिथं कड दुखावलेली आहे. कड झिजून गुळगुळीत झाली असेल तर धागा अडकणार नाही; मग भिंगातून पाहायचं, आट्यांची टोकं एका बाजूला बोथट दिसतात.

त्याआधी रायफल खरंच दोषी आहे का ते ठरवा. वाळूच्या पिशवीवर टेकवून, एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेला बनलेली, काडतुसं घेऊन, दुसऱ्या कॅडेटलाही तीच रायफल चालवू द्या. .22ची नळी लॉटच्या बाबतीत फार चोखंदळ असते, एक लॉट मानवतो, दुसरा नाही. दस्त्याचे स्क्रू ढिले असले तरी ग्रुपिंग असंच पसरतं. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढे शिशाचा थर बसला असेल तर तोही काढायला हवा.

एवढं करूनही दोघांचं ग्रुपिंग पसरलं तर उस्तादांना सांगा. रायफल सरकारी आहे, तिला घरी किंवा बाजारात हात लावायचा नाही. युनिटचा आर्मोरर लेथवर तोंडाचे काही मिलिमीटर कापून नवी कड काढू शकतो, आणि नळी आतून धड असेल तर ती रायफल पुन्हा नीट ग्रुप देते. आणि पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून नळीत तेल सोडलेलं असतं. फायरिंगआधी कोरडी चिंदी फिरवून ते पुसायला लेकीला सांगा, नाहीतर पहिल्या एकदोन गोळ्या बाहेरच जातात.