आई ए, बाबा बी, बहीण एबी आणि मी ओ. असं होऊ शकतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचा रक्तगट ए, बाबांचा बी, धाकट्या बहिणीचा एबी आणि तुमचा ओ. मूल निम्मं आईकडून आणि निम्मं वडिलांकडून घेतं, मग तुमच्यात दोघांपैकी कुणाचंच कसं आलं नाही? शिवाय सख्खे भाऊबहीण असून तुम्ही दोघं दिसायला-वागायला इतके वेगळे का? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की घरी विचारायची हिंमत होत नाही.

आधी जीव भांड्यात पडू द्या. हे अगदी होऊ शकतं. तुमच्यात दोघांचंही आलंय, फक्त जे आलं ते त्यांच्या रिपोर्टवर छापलेलं नव्हतं. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तरही एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बरीच वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. सुरुवातीला मी मुलांना घरच्यांचे रक्तगट लिहून आणायला सांगायचो. एक मुलगी दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन आली, तिच्या घरीही असाच ओ निघाला होता. तो गृहपाठ मी कायमचा बंद केला. चूक माझी होती, आधी पुढचं सगळं शिकवायला हवं होतं.

रक्तगट म्हणजे तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर असलेल्या साखरेच्या साखळ्यांचं टोक. जवळजवळ प्रत्येक माणसाच्या पेशींवर एक मूळ साखळी असते, तिला एच म्हणतात. नवव्या गुणसूत्रावरचं एक जनुक एक एन्झाइम, म्हणजे पेशीतलं एक कामकरी प्रथिन, बनवतं आणि ते या साखळीच्या टोकाला आणखी एक मणी ओवतं. जनुकाची ए आवृत्ती एका प्रकारच्या साखरेचा मणी ओवते, बी आवृत्ती दुसऱ्या प्रकारच्या. या दोन एन्झाइममध्ये फरक केवढा, तर ३५४ अमिनो आम्लांपैकी फक्त चारांचा. आणि ओ? सर्वांत जास्त आढळणाऱ्या ओ आवृत्तीत जनुकातलं एकच अक्षर गळलेलं असतं. हा मजकूर पेशी तीन-तीन अक्षरांनी वाचते, त्यामुळे एक गळलं की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि एन्झाइम अर्धवट, निकामी तयार होतं. मणी ओवला जात नाही, एच साखळी उघडीच राहते. त्या उघड्या साखळीलाच आपण ओ गट म्हणतो.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक प्रत ए आणि दुसरी ओ असेल, तर चालू प्रत मणी ओवायचं काम उरकून टाकते आणि रिपोर्टवर 'ए' येतं. मोडकी प्रत दिसत नाही, पण ती जागची हललेली नसते. तुमच्या आईकडे ए आणि ओ आहे, बाबांकडे बी आणि ओ. हे मी अंदाजाने सांगत नाही, तुमचा ओ हाच त्याचा पुरावा आहे. कारण ओ गट दिसायला दोन्ही प्रती ओ लागतात आणि त्यातली एक प्रत आईने दिली, एक बाबांनी.

'प्रभावी' आणि 'अप्रभावी' हे शब्द आपण शाळेत शिकतो आणि मनात चित्र तयार होतं ते कुस्तीचं. एकाने दुसऱ्याला चीत केलं, असं. तसं काही होत नाही. मेंडेलच्या वाटाण्यांचंच बघा. गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या प्रयोगात दुसऱ्या पिढीत त्याला ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या बिया मिळाल्या, म्हणजे जवळपास तीनास एक. १८६६ साली त्याने हे छापलं आणि १९०० पर्यंत कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण वाटाणा कशामुळे सुरकुततो, हे कळायला १९९० उजाडलं: स्टार्च बनवणाऱ्या एका एन्झाइमचं जनुक मोडलेलं असतं. म्हणजे सुरकुतलेला वाटाणा आणि तुमचा ओ गट यांची गोष्ट एकाच जातीची आहे. एक चालू प्रत असली तरी काम भागतं, दोन्ही मोडक्या आल्या की मगच फरक दिसतो. (अप्रभावी म्हणजे दुर्मीळ, असंही नाही. जगात सर्वांत जास्त लोकांचा गट ओच आहे.) ए आणि बी या दोन्ही चालू प्रती एकत्र आल्या तर दोन्ही आपापले मणी ओवतात, आणि तुमची बहीण तयार होते.

आता आईकडून ए किंवा ओ, बाबांकडून बी किंवा ओ. चार जुळण्या होतात: ए-बी, ए-ओ, बी-ओ, ओ-ओ. म्हणजे एबी, ए, बी, ओ, प्रत्येकाची शक्यता चारात एक. तुम्हा दोघांना यातली दोन टोकं मिळाली. नीट बघा, बहिणीने आईची ए प्रत घेतली, तुम्ही आईची दुसरी. बहिणीने बाबांची बी घेतली, तुम्ही त्यांचीही दुसरी. म्हणजे या एका जागेपुरतं तुम्हा सख्ख्या भावंडांत काहीही समान नाही, शून्य टक्के. आणि तरीही दोघंही शंभर टक्के त्याच आईबाबांची.

इथेच तुमचा दुसरा प्रश्न सुटायला लागतो. 'निम्मं' हे बरोबरच आहे. गोंधळ होतो तो 'कुठलं निम्मं' यात.

शरीर वाढताना, जखम भरताना जे पेशीविभाजन होतं ते सूत्री विभाजन. त्यात नक्कल एकदा आणि वाटणी एकदा. ४६ गुणसूत्रांची जोडप्रत निघते, दोन्ही नव्या पेशींना ४६-४६ मिळतात, काहीही बदलायचं नसतं. (हा ४६ आकडासुद्धा १९५६ साली पक्का झाला, त्याआधी पुस्तकांत ४८ छापलं जायचं.) तुमच्या अस्थिमज्जेत हेच अव्याहत चालू असतं, सेकंदाला वीसेक लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात. गंमत म्हणजे तयार झालेल्या तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, त्यामुळे रक्तगट ठरवणारं जनुकही नसतं. सगळं काम आधीच्या पेशीने उरकलेलं असतं.

अंडाणू आणि शुक्राणू तयार होतात ते मात्र अर्धगुणसूत्री विभाजनाने. परीक्षेसाठी मुलं पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था पाठ करतात आणि मुद्दा हातातून निसटतो. मुद्दा एवढाच: नक्कल एकदा, वाटणी दोनदा. म्हणून ४६ चे २३ होतात. पहिल्या वाटणीत प्रत्येक जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांपासून दूर होतात, दुसऱ्या वाटणीत प्रत्येकाच्या दोन नकला. कुठल्या जोडीतलं कुठलं गुणसूत्र कुठल्या बाजूला जाईल, हे जोडीगणिक वेगळं ठरतं. २३ जोड्या, प्रत्येकीत दोन पर्याय, म्हणजे एका व्यक्तीकडून ८३,८८,६०८ प्रकारचे संच निघू शकतात. आई आणि वडील दोघांचे धरले तर सुमारे ७० लाख कोटी.

आणि ही वाटणी जमिनीच्या वाटणीसारखी नाही. थोरल्याने घेतलं ते धाकट्याच्या वाट्यातून वजा होत नाही. प्रत्येक अंडाणूसाठी, प्रत्येक शुक्राणूसाठी पत्ते नव्याने पिसले जातात. तुम्ही ओ घेतला म्हणून बहिणीसाठी ए उरला, असं झालेलं नाही.

वर दिलेला आकडासुद्धा कमीच आहे, कारण दूर होण्याआधी जोडीतली गुणसूत्रं शेजारी-शेजारी बिलगतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. हिला पारगती म्हणतात. एका शुक्राणूमागे अशा साधारण २६ अदलाबदली होतात, अंडाणूमागे चाळीसच्या वर. परिणाम असा की आईकडून तुम्हाला मिळालेलं नववं गुणसूत्र तिच्या आईचं किंवा तिच्या वडिलांचं अख्खं असेलच असं नाही, दोघांचे तुकडे सांधलेलं असू शकतं. रक्तगटाचं जनुक या गुणसूत्राच्या एका टोकाजवळ आहे. तिथे तुमचं आणि बहिणीचं काहीच जुळलं नाही, पण त्याच गुणसूत्राचा दुसऱ्या टोकाकडचा भाग दोघांना एकच मिळालेला असू शकतो.

आता एखादी जागा निवडली, तर तिथे दोन सख्ख्या भावंडांच्या दोन्ही प्रती जुळण्याची शक्यता चारात एक, एकच जुळण्याची चारात दोन, एकही न जुळण्याची चारात एक. सरासरी निम्मी. पण सरासरीच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भावंडांच्या ४,४०१ जोड्या तपासल्या होत्या. त्यांच्यातला समान वाटा ३७ टक्क्यांपासून ६२ टक्क्यांपर्यंत निघाला. म्हणजे काही सख्खी भावंडं इतरांपेक्षा खरोखरच जास्त सख्खी असतात! हे टक्के एकाच पूर्वजाच्या प्रतीवरून आलेल्या भागाचे आहेत हे ध्यानात असू द्या, एरवी कुठल्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखाच असतो. उंची, रंग, चेहरा यांवर शेकडो-हजारो जागांचा परिणाम होतो, तिथे हा फरक साठत जातो. स्वभावाचं मी सांगत नाही, त्यात घर, मित्र, नशीब असं बरंच मिसळलेलं असतं.

अजून एक गोष्ट, जी मला इतकी वर्षं शिकवूनही जुनी वाटत नाही. अंडाणूतली ही अदलाबदल स्त्रीच्या जन्माआधीच होऊन जाते. त्यानंतर विभाजन मध्येच थांबतं आणि तो अंडाणू पक्व होईपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षं, थांबलेलंच राहतं. तुम्ही ज्या अंडाणूपासून झालात त्यातले तुकडे सांधले गेले तेव्हा तुमची आई तिच्या आईच्या पोटात होती. बाबांकडची अर्धी बाजू मात्र ताजी, शुक्राणू तयार व्हायला दोन-अडीच महिने लागतात. वय वाढलेल्या आईच्या बाळात एखादं गुणसूत्र जास्त येण्याचा धोका वाढतो, त्याचं एक मोठं कारण ही लांबलेली प्रतीक्षाच आहे.

'निम्मं-निम्मं' मुलग्याच्या बाबतीत काटेकोर धरलं तर आईचं पारडं किंचित जडच. तिच्याकडून आलेलं एक्स हे बाबांकडून आलेल्या वायपेक्षा बरंच मोठं असतं, शिवाय मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांतला, डीएनए आईकडूनच येतो.

मग रक्तगट जुळत नाही असं कधी म्हणायचं? आईवडिलांपैकी एक एबी आणि मूल ओ, किंवा दोघंही ओ आणि मूल ए वा बी, असं निघालं तर. तेव्हाही आधी तपासणी पुन्हा करायची, कारण रिपोर्टमध्ये चुका होतात. त्यातूनही अपवाद उरतात. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या बॉम्बे रक्तगटात मूळ एच साखळीच नसते, त्यामुळे ए-बी जनुकं चालू असूनही मणी ओवायला जागा नसते आणि नेहमीच्या तपासणीत ती व्यक्ती ओ वाटते. आरएच पॉझिटिव्ह आईवडिलांना निगेटिव्ह मूल होणं हे मात्र तुमच्या ओसारखंच साधं प्रकरण आहे. आणि रक्तगटावरून फार तर नातं नाही असा संशय घेता येतो, आहे हे सिद्ध होत नाही. तुमच्या बाबतीत तर संशयालाही जागा नाही.

घरी विचारायचंच असेल तर हे विचारा: चारही आजी-आजोबांचे रक्तगट काय होते? आईकडच्या दोघांपैकी किमान एकाकडे ओ होताच, उघड नाहीतर लपलेला. बाबांकडच्या दोघांपैकीही एकाकडे. त्यांत कुणी एबी असेल तर त्याच्यावर सरळ फुली मारा, त्याच्याकडे ओ लपवायला जागा नसते. कुणी स्वतःच ओ असेल, तर तुमच्या दोन ओंपैकी एकाचा माग बहुधा तिथेच लागेल.