शिष्यवृत्ती चाळीस टक्के, तारण मात्र अख्खं घर

प्रश्न : मी २८ वर्षांची आहे. गाव कराड, नोकरी पुण्यात, ऑटो पार्ट्सच्या कंपनीत सप्लाय चेनमध्ये. हातात महिन्याला ७२ हजार येतात. लंडनच्या एका बिझनेस स्कूलमध्ये सप्टेंबर २०२६ पासूनच्या एक वर्षाच्या एमबीएला प्रवेश मिळाला आहे, शिवाय महिलांसाठीची ४० टक्के शिष्यवृत्तीही. माझी बचत ९ लाख. अण्णा (माझे वडील) जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले, पेन्शन ३८ हजार, एफडी २२ लाख. बँक ५० लाख कर्ज द्यायला तयार आहे, पण कराडचं घर तारण मागते. उरलेले ५ लाख अण्णा एफडी मोडून देणार आहेत. ते म्हणतात, ‘घर काय डोक्यावर घेऊन जायचंय? ने कागद.’ भारतातल्या एका संस्थेतही एक वर्षाच्या कोर्सला प्रवेश मिळतोय. तिथे राहण्या-जेवणासह २८ लाख, त्यावर मुलींसाठीची ५ लाखांची सवलत. काय करू?

उत्तर : आधी मनापासून अभिनंदन. नोकरी सांभाळून, पहाटे उठून परीक्षेचा अभ्यास करून हे मिळवलंत, हे तुमच्या पत्रातून कळतंच.

तुम्ही सोबत पाठवलेलं शिष्यवृत्तीचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या पानावर अभिनंदन आणि ठळक अक्षरात ४० टक्के. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात तीन ओळी आहेत. सवलत फक्त शिकवणीच्या फीवर, ती वजा होणार शेवटच्या हप्त्यातून, आणि प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलला तर शिष्यवृत्ती रद्द. भरायची ४ हजार पौंड अनामत परत मिळणार नाही, हे तर चौथ्या पानावर. ही कागदं अण्णांनाही वाचून दाखवा, मराठीत.

आता आकडे. फी ५४ हजार पौंड, त्यातून २१,६०० गेले, उरले ३२,४००. लंडनमध्ये राहायचं तर काटकसरीनेही महिन्याला दीड हजार पौंड धरा, वर्षाचे १८ हजार. व्हिसा, तिथला आरोग्य अधिभार, तिकीट, खोलीचं डिपॉझिट, थंडीचे कपडे मिळून आणखी ३ हजार. बेरीज ५३,४०० पौंड. हिशेबाला पौंड १२० रुपये धरला तर ६४ लाखांच्या घरात जाते. म्हणजे शिष्यवृत्तीने जवळजवळ २६ लाख वाचवले, हे खरंच. पण उरलेला खड्डा ६४ लाखांचा आहे आणि तो बुजवायला एका शिक्षकाची आयुष्यभराची कमाई लागतेय. टक्केवारी बघून आपण हरखतो, म्हणून मी आधी खड्डा मोजते.

कर्जाचं चित्र असं. ५० लाख, व्याज १० टक्के. कोर्स आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. फी टप्प्याटप्प्याने जाईल हे धरूनही सुमारे ९ लाख चढतील. म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर ५९ लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळपास ७८ हजार, पंधरा वर्षांत फेडायचे तर ६३ हजारांच्या वर. तुमचा आजचा अख्खा पगार ७२ हजार आहे, हे शेजारी लिहून ठेवा. वर्षभर बुडणारा पगार तर मी यात धरलेलाच नाही.

लंडनमध्ये नोकरी लागली तर हे गणित सुटतं, तेही सांगायला हवं. वर्षाला ४५ हजार पौंडांची नोकरी असेल तर कर वजा जाता महिन्याला तीनएक हजार हातात येतात, खर्च भागवून हप्ता निघतो. प्रश्न ‘लागली तर’चा आहे. शिक्षणानंतर तिथे राहून काम शोधण्याची मुदत आजवर दोन वर्षं होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती १८ महिनेच मिळणार आहे. तुमचा कोर्स सप्टेंबर २०२७ मध्ये संपतो, म्हणजे तुम्ही त्यात आलात. त्यापुढे राहायचं तर कंपनीने व्हिसा पुरस्कृत करायला हवा. त्यासाठी पगाराची सर्वसाधारण अट जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाली. नुकतंच शिकून बाहेर पडलेल्यांना काही काळ ३३,४०० वर सूट आहे, पण त्या पगारात लंडनचं राहणं आणि ७८ हजारांचा हप्ता एकत्र जेमतेमच निभतात, हाताशी काही उरत नाही. आणि परत आलात तर? पुण्यात दीड लाख हातात आले तरी निम्म्याहून अधिक हप्त्यात.

मला खरी काळजी आहे ती यापुढची. या शिष्यवृत्त्या द्यायचा हेतू काय, तर वरच्या खुर्च्यांवर बायका दिसाव्यात. अमेरिकेत २००१ मध्ये काही कंपन्या आणि बिझनेस स्कूल्सनी एकत्र येऊन फोर्टे फाउंडेशन काढलं ते याच विचारातून. तिथेही कुणाला किती द्यायचं हे ज्या त्या स्कूलच्याच हातात असतं. पण वरच्या खुर्चीकडे जाणारा रस्ता सरळ नसतो. मध्ये कधी पगार थोडा कमी पण अधिकार मोठा अशी जागा घ्यावी लागते, कधी बॉसशी पटलं नाही तर चार महिने घरी बसायची तयारी लागते, कधी स्वतःचं काही काढायचं असतं. ७८ हजारांचा हप्ता आणि बँकेत पडलेले घराचे कागद असतील तर माणूस पहिल्या नोकरीला घट्ट धरून बसतो. असे लोक सल्ल्यासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलेले असतात. आठेक वर्षांपूर्वी एक वडील आले होते, मुलीसाठी घर तारण ठेवलेलं. मुलगी हुशार, नोकरीही लागली, हप्ता एकही चुकला नाही. पण धाकट्याला त्याच घरावर मजला चढवायचा होता, बँक ना हरकत देईना, आणि त्या एका कारणावरून बहीण-भावांचं बोलणं बंद झालं. पैशाच्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

तेव्हा माझं मत : आहे त्या अटींवर लंडनची ऑफर घेऊ नका. घराचे कागद कपाटातच राहू द्या, अण्णांच्या २२ लाखांपैकी एक रुपयाही मोडू नका. त्यांचं वय आणि दवाखान्याचे खर्च या दोन्हींना ती एफडी लागणार आहे.

पण नाही म्हणण्याआधी एकदा मागून बघा. आपल्याकडे शिष्यवृत्ती म्हणजे प्रसाद, मिळाला तेवढा हात पुढे करून घ्यायचा, अशी सवय आहे. तिकडे असं नसतं. वर्गात मुलींचं प्रमाण दिसावं ही स्कूलचीही गरज असते, आणि ही सवलत म्हणजे काही अंशी त्यांनी कमी केलेली किंमतच आहे. प्रवेश विभागाला सरळ मेल लिहा : दुसरीकडची ऑफर अशी आहे, माझा स्वतःचा निधी इतका आहे, ७० टक्क्यांपर्यंत जाता येईल का? वाईटात वाईट म्हणजे नाही म्हणतील. ७० टक्के झाले तरी एकूण खर्च ४५ लाखांच्या आसपास राहतो, हे मात्र विसरू नका. तिथेही मी घर तारण न ठेवता मिळेल तेवढंच कर्ज घ्या म्हणेन.

शिष्यवृत्ती या शब्दाबद्दलही थोडं. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिकणाऱ्यांना मदत करतंय, के. सी. महिंद्रांचीही आहे, दोन्ही उत्तम, पण दोन्ही परतफेडीच्या, म्हणजे कर्ज-शिष्यवृत्त्या. महिंद्रांची बिनव्याजी आहे. अर्ज जरूर करा, फक्त तो आकडा ‘मिळाले’ या रकान्यात न लिहिता ‘देणं’ या रकान्यात लिहा. ब्रिटन सरकारची चेव्हनिंग मात्र परत करायची नसते. राहण्याचा खर्च आणि विमानभाडंही त्यात येतं. दोनएक वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. कोर्स संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट आहे आणि एमबीएच्या फीला मर्यादा आहे. लंडनच हवं असेल तर नोकरी चालू ठेवून पुढच्या फेरीत हा अर्ज करणं मला आजच्या ऑफरपेक्षा शहाणपणाचं वाटतं.

आणि भारतातली ऑफर? ती कोर्स म्हणून योग्य वाटत असेल, तुमच्या क्षेत्रातल्या कंपन्या तिथे खरोखर भरतीला येत असतील, तर पैशाच्या बाजूने मला ती आवडली. पण गेल्या वर्षी पास झालेल्या दोन मुलींना फोन करून विचारा. माहितीपत्रकातलं सरासरी पॅकेज ऐकू नका. सवलत जाऊन २३ लाख उरतात. बचतीतले ५ घाला, १८ लाखांचं कर्ज काढा. सरकारी बँका मुलींना व्याजात साधारण अर्धा टक्का सूट देतात, ती मागून घ्या. साडेनऊ टक्क्यांनी धरलं तर कोर्स चालू असताना महिन्याचं व्याज १४ हजारांच्या आसपास. ते बचतीतूनच भरत राहा, म्हणजे मुद्दल फुगणार नाही. काही बँका त्याबद्दलही दर थोडा उतरवतात. मग सात वर्षांसाठी हप्ता २९,४०० रुपये. उद्या तुम्ही आजच्याच पगारावर परत आलात तरी तो निघतो.

कर्ज तुमच्या नावावर असू द्या, अण्णा फक्त सहकर्जदार. जुनी करप्रणाली निवडलीत तर व्याजाची वजावट आठ वर्षं, रकमेची मर्यादा न घालता मिळते. नवीन प्रणालीत ती नाही. १८ लाखांचा साधा टर्म विमा स्वतः काढा, बँक कर्जातच चिकटवेल तो एकरकमी हप्त्याचा नको. तुमच्या वयात तो स्वस्त पडतो आणि तुमच्यामागे देणं अण्णांच्या पेन्शनवर येत नाही.

जाता जाता, हे वाचणाऱ्या इतर मुलींसाठी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि तुम्ही ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) गटात असाल, तर २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी राज्य सरकार पूर्ण भरतं. प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोटा, अभिमत आणि खासगी विद्यापीठं त्यात नाहीत. शेवटच्या फेरीला कंटाळून मॅनेजमेंट कोट्यात जागा घेतली की ही सवलत हातची जाते, आणि दरवर्षी कुणीतरी तसं करून मग माझ्याकडे येतं.

लंडनची अनामत भरायला तुमच्याकडे अजून अकरा दिवस आहेत. मेल आजच करा. त्यांचं उत्तर आलं की मला कळवा, आणि तोवर बँकेच्या माणसाला मूल्यांकनासाठी कराडला पाठवू नका. त्याची फीही तुमच्याकडूनच घेतात.