नॅशव्हिलला निघण्याआधी

प्रिय,

तुझं नॅशव्हिलला जायचं नक्की झालं हे कळलं. गाणी लिहिता येतात, गळाही आहे, त्यावर काही बोलत नाही. कागदाचं बोलतो, कारण माणसं नागवली जातात ती तिथे.

म्युझिक रोवर, म्हणजे प्रकाशकांच्या आणि स्टुडिओंच्या वस्तीत, गाणं बहुधा दोघं-तिघं एका बैठकीत लिहितात. रिवाज असा, की खोलीत असलेल्या प्रत्येकाचा वाटा सारखा, मग त्याची एकच ओळ का असेना. पण हा रिवाज तोंडी. म्हणून उठण्याआधी स्प्लिट शीट भर: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाची टक्केवारी, त्याची रॉयल्टी गोळा करणारी संस्था (आस्कॅप, बीएमआय की सेसॅक) आणि सही. बेरीज 100 आलीच पाहिजे. ‘नंतर बघू’ म्हटलं, की गाणं चाललं त्या दिवशी ती 120 होते, आणि वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात.

अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर रॉयल्टी लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला. गायकाला छदाम नाही. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ एल्विसला गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने प्रकाशनहक्कात अर्धा वाटा मागितला. ते लिहिणाऱ्या डॉली पार्टनने नकार दिला. 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ते गायलं तेव्हा हक्क डॉलीकडेच होता.

प्रकाशक दरमहा ‘ड्रॉ’ देतो. तो पगार नव्हे, ऊसतोडीसारखी उचल. पुढच्या कमाईतून आधी ती वळती होते. शिवाय गाणी वाट्याने मोजतात. करारात वर्षाला 12 असतील आणि तू कायम तिघांत लिहिलंस, तर 36 भरावी लागतील. सहीआधी स्वतःचा वकील गाठ, प्रकाशकाने सुचवलेला नको.

स्टुडिओत आकड्यांचा चार्ट लागतो. पेटी शिकलेल्याला तो लगेच कळतो: 1, 4, 5 म्हणजे सा, म, प वर उभे राहिलेले कॉर्ड. जी पट्टीत जी, सी, डी. गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी चार्ट तोच. मायनर कॉर्डला आकड्यापुढे उणे चिन्ह. 6 लिहून ते विसरलं तर अख्खा बँड मेजर वाजवतो. दोन आकड्यांखाली एकच रेघ असेल, तर ते दोन्ही एका मात्रागटात, म्हणजे एका बारमध्ये.

तिथल्या ब्लूबर्ड कॅफेचं ओपन माइक, म्हणजे नवख्यांनाही गाता येतं ती मैफल, सोमवारी असतं. जागा जेमतेम नव्वदेक, बोलणाऱ्याला तिथे गप्प करतात, त्यामुळे शब्द ऐकले जातात. सुरुवातीची गिटार चार बारांत आवर. तारा बाहेरच लावून घे.