खिशातली टॉर्च: तीनशेची की चार हजारांची?

खिशात मावणाऱ्या एलईडी टॉर्चविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : तीनशे रुपयांच्या टॉर्चवर ‘१०,००० लुमेन’ छापलेलं असतं आणि चार हजारांच्या टॉर्चवर फक्त ‘१,०००’. मग जास्तीचे पैसे कशाचे? (वाचक, नाशिक)

उत्तर : आधी त्या आकड्याचाच हिशेब करू. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप. काच आणि रिफ्लेक्टरमध्ये वाया जाणारा उजेड वजा केला, तर चांगला एलईडी १ वॉटमागे साधारण १०० लुमेन बाहेर टाकतो. म्हणजे १०,००० लुमेनला १०० वॉट हवेत. खिशातल्या टॉर्चमध्ये बहुधा १८६५० आकाराचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) लिथियम-आयन सेल असतो. तो ३.६ व्होल्ट, ३,००० एमएएच (सेलच्या क्षमतेचं माप) धरला तर त्यात १०.८ वॉट-तास वीज मावते. १०० वॉटने ती साडेसहा मिनिटांत संपेल आणि त्यासाठी सेलमधून २८ अँपिअर ओढावे लागतील. स्वस्त टॉर्चमधली बारीक वायर आणि पातळ स्प्रिंग यांच्या आवाक्यातलं ते काम नव्हे. अशा टॉर्चचा खरा उजेड शंभर-दोनशे, फार तर तीनशे लुमेन. खोक्यावर शून्यं वाढवायला खर्च येत नाही, म्हणून ती वाढतात.

महाग टॉर्चचे पैसे मुख्यतः दोन ठिकाणी जातात. पहिलं ठिकाण म्हणजे आतलं सर्किट, ज्याला ड्रायव्हर म्हणतात. स्वस्त टॉर्चमध्ये सेल आणि एलईडी जवळपास थेट जोडलेले असतात, मध्ये फार तर एक रेझिस्टर. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. तीन नवे एएए सेल ४.५ व्होल्ट देतात, तेव्हा उजेड झगझगीत दिसतो. प्रत्येक सेल १.१ व्होल्टवर आला की एकूण उरतात ३.३, आणि उजेड पार बसतो. सेलमध्ये अजून वीज असते, पण ती एलईडीपर्यंत पोचत नाही. चांगला ड्रायव्हर करंट स्थिर ठेवतो, त्यामुळे उजेड बराच वेळ एकाच पातळीवर राहतो आणि शेवटी एकदम उतरतो.

दुसरं ठिकाण उष्णतेची वाट. एलईडीला दिलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त उष्णता होते. चांगल्या टॉर्चमध्ये एलईडी तांब्याच्या चकतीवर बसवलेला असतो आणि ती चकती जाड ॲल्युमिनियमच्या बैठकीला थर्मल पेस्ट लावून घट्ट टेकवलेली असते. स्वस्त टॉर्चमध्ये चकतीखाली पुष्कळदा पोकळी असते. उष्णता बाहेर पडत नाही, एलईडी आतल्या आत भाजत राहतो आणि काही महिन्यांत त्याचा उजेड निळसर, मंद होतो.

खोक्यावर ‘एफएल-१’ असं लिहिलेलं आहे का, तेही बघा. २००९ साली आलेल्या या अमेरिकी मानकानुसार लुमेन टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या आत मोजतात. ‘रन टाइम’ म्हणजे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. त्यामुळे ‘५ तास’ वाचून पाच तास झगझगाट मिळेल असं समजू नका. प्रामाणिक कंपन्या वेळ आणि उजेड यांचा आलेख देतात, खरेदीपूर्वी पाहायची वस्तू ती.

आमचं मत विचाराल तर दीड ते अडीच हजारांत खरा फायदा मिळून जातो. कन्व्हॉय एस२+ सारख्या साध्या १८६५० टॉर्चमध्येही ड्रायव्हर आणि उष्णतेची वाट व्यवस्थित असते. पाच हजारांच्या पुढे उजेड फारसा वाढत नाही. तिथे पैसे जातात ते लहान आकार, सफाईदार बटण, जास्त वर्षांची वॉरंटी आणि कधी कधी नुसत्या टायटॅनियमच्या नावासाठी.

प्रश्न : महागडी टॉर्च घेतली, पण फुल मोडवर तीन मिनिटांत गरम होते आणि उजेड आपोआप उतरतो. खराब निघाली का? (वाचक, ठाणे)

उत्तर : नाही, ती नीट काम करते आहे. हातात धरलेली बोटभर जाडीची टॉर्च सतत ३-४ वॉट उष्णता आरामात हवेत सोडू शकते. १,००० लुमेनवर त्याच्या जवळपास दुप्पट उष्णता तयार होते. म्हणून ड्रायव्हर ठरावीक तापमानाला किंवा ठरावीक मिनिटांनी उजेड ३००-५०० लुमेनवर आणतो. डोळ्यांना हा फरक आकड्याइतका मोठा वाटत नाही. उजेड दुप्पट झाल्यासारखा दिसायला लुमेन साधारण चौपट लागतात. घेताना ‘सर्वाधिक’ आकडा सोडा आणि दहा मिनिटांनंतर किती लुमेन टिकतात ते विचारा.

प्रश्न : उसाला रात्रपाळीचं पाणी द्यावं लागतं. बांधावरून लांबचं दिसावं म्हणून झूमवाली टॉर्च घ्यावी का? (वाचक, जुन्नर)

उत्तर : झूमवाली घेऊ नका. पुढचं भिंग मागेपुढे सरकतं तेव्हा आत हवा ओढली जाते आणि ओल्या शेतात हवेबरोबर पाणीही. शिवाय झोत बारीक केला की एलईडीचा बराच उजेड भिंगापर्यंत न पोचता नळीतच मुरतो. समोर चौकोनी ठिपका पडतो आणि पायाखाली अंधार. बांधावरून चालताना दोन्ही लागतं, लांबचंही आणि पायापुढचंही. खोल, गुळगुळीत रिफ्लेक्टरची टॉर्च हे काम करते.

लांब पल्ला लुमेनवर नाही, कँडेलावर (झोताच्या मध्यभागाची तीव्रता) ठरतो. एफएल-१ मानकातलं अंतर म्हणजे कँडेलाचं वर्गमूळ गुणिले दोन. १०,००० कँडेलाला २०० मीटर. पण त्या अंतरावर पडणारा उजेड ०.२५ लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप), म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका. समोर काय हलतंय ते ओळखायला किमान १ लक्स हवा, म्हणून छापलेलं अंतर निम्मं धरा. तुमच्या कामाला १०,००० ते २०,००० कँडेला आणि ५०० लुमेनपर्यंतचा टिकाऊ उजेड पुरे. पाणी लागणारच, तेव्हा खोक्यावर पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आयपीएक्स७ किंवा त्यावरचा पाहा. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपीएक्स४ फक्त शिंतोड्यांपुरतं असतं.

बिबट्याच्या भागात टॉर्चवर सगळी भिस्त ठेवू नका. सोबत कुणी असू द्या, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चला आणि उसात वाकून काम करणं टाळा.

प्रश्न : कपाटातल्या टॉर्चमध्ये सेल फुटून पांढरी बुकटी जमली आहे. टाकून द्यावी का? (वाचक, सावंतवाडी)

उत्तर : आतलं सर्किट खाल्लं गेलं नसेल तर वाचते. हातमोजे घाला आणि बुकटी फुंकू नका, डोळ्यांत जाते. सेलवर ‘अल्कलाइन’ लिहिलं असेल तर गळलेला पदार्थ अल्कधर्मी असतो. कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, फसफस थांबली की थांबा. साधा झिंक-कार्बन सेल असेल तर गळती आम्लधर्मी असते, तिथे लिंबू नको, खाण्याच्या सोड्याचं पाणी वापरा. त्यानंतर ओल्या फडक्याने पुसून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एक दिवस उघडी वाळू द्या. स्प्रिंग आणि तळाची पट्टी झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. स्प्रिंग हिरवी पडून ठिसूळ झाली असेल तर बदला. सेल नळीत फुगून अडकला असेल तर ठोकून काढू नका.

सेल गळण्याची कारणं दोन. झिंक-कार्बन सेलचा बाहेरचा डबाच झिंकचा असतो आणि तोच वापरात खर्च होत पातळ होतो. अल्कलाइनमध्ये हायड्रोजन वायू साठतो आणि सील उघडतं. नवे-जुने सेल एकत्र घातले की कमजोर सेल उलटा चालवला जातो आणि तोच आधी फुटतो. तेव्हा सगळे सेल एकदम बदला. कधीतरीच लागणाऱ्या टॉर्चसाठी निकेल-मेटल हायड्राइडचे, चार्ज टिकवून ठेवणारे एए सेल बरे. ते सहसा गळत नाहीत आणि दर सहा महिन्यांनी चार्ज केले की झालं. एए आकाराचा १४५०० लिथियम-आयन सेल मात्र कंपनीने चालतो असं लिहिल्याशिवाय घालू नका. तो १.५ नव्हे, ३.७ व्होल्टचा असतो आणि ड्रायव्हर जाळतो.

प्रश्न : ऑनलाइन ‘९,९०० एमएएच’चे १८६५० सेल स्वस्त मिळाले, पण तासभरही चालत नाहीत. (वाचक, पुणे)

उत्तर : त्या आकारातल्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३,५००-३,६०० एमएएच असते, ९,९०० च्या जवळपास कुणीही पोचलेलं नाही. ९,९०० वाचलं की तो सेल परत करायचा. वजन करून बघा. खऱ्या सेलचं वजन ४५ ते ४८ ग्रॅमच्या आसपास असतं. खोट्यात पुष्कळदा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला थकलेला सेल नव्या वेष्टनात असतो. संरक्षण सर्किट बसवलेला सेल ६८-७० मिमी लांब असतो, तो आखूड टॉर्चमध्ये बसतोच असं नाही, म्हणून आधी मोजा.

सेलचा संपूर्ण बाहेरचा डबा ऋण ध्रुव असतो. वरच्या कडेला वेष्टन फाटलं आणि खिशातली किल्ली टेकली की शॉर्ट होऊन आग लागू शकते. सुटा सेल प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवायचा. पूर्ण चार्ज म्हणजे ४.२ व्होल्ट. दोन-तीन महिने वापरायचा नसेल तर ३.७-३.८ व्होल्टवर ठेवा. मल्टिमीटरवर २.५ च्या खाली दिसला तर पुन्हा चार्ज करू नका, टाकाऊ बॅटऱ्या घेणाऱ्या केंद्रात द्या.

प्रश्न : यूएसबी-सी सॉकेट असूनही टॉर्च मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होत नाही.

उत्तर : चार्जरकडून येणाऱ्या केबलची दोन्ही टोकं सी असतील तर असं होतं. सी सॉकेटमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, ते दिसल्याशिवाय चार्जर ५ व्होल्ट सोडतच नाही. स्वस्त टॉर्चमध्ये तेवढे पैसेही वाचवलेले असतात. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी-ए असलेली केबल वापरा, लगेच चार्ज होईल.

प्रश्न : टॉर्च मिचमिचते, थोपटली की नीट लागते. (वाचक, अमरावती आणि इतर तिघे)

उत्तर : एलईडी क्वचितच गेलेला असतो, दोष जोडणीत असतो. मागचं झाकण काढा. सेल आत ठेवून त्याचा मागचा ध्रुव आणि नळीची उघडी धातूची कड तारेच्या छोट्या तुकड्याने जोडा. उजेड स्थिर आला तर दोष बटणात किंवा झाकणात आहे. झाकणातलं दोन भोकांचं कडं अणकुचीदार चिमट्याने उजवीकडे आवळा, पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. तारेनेही उजेड मिचमिचत असेल तर दोष पुढच्या भागात.

आटे काळे पडले असतील तर फडक्याने पुसून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर लावा. खोबरेल किंवा मशीनचं तेल नको, धूळ धरतं. रबराच्या रिंगलाही तेच ग्रीस. कोकणातल्या पावसाळ्यात दर महिन्याला पाहा, रिंगला चीर पडली असेल तर बदला. ज्या टॉर्चच्या आट्यांवर ॲनोडायझिंग (वीज न वाहणारा कडक थर) असतं तिचं झाकण पाव फेरा सैल केलं की करंट तुटतो आणि पिशवीत चुकून लागत नाही. स्वस्त टॉर्चचे आटे उघडे असतात, तिथे ही सोय नाही.

प्रश्न : भिंतीत खोचायच्या दोन पिनांची टॉर्च चार्ज होताना झिणझिण्या येतात. (वाचक, सोलापूर)

उत्तर : वापरणं आजच थांबवा. आत ट्रान्सफॉर्मर नसतो, एक कपॅसिटर २३० व्होल्ट उतरवून देतो. आतली प्रत्येक तार मेनशी जोडलेली राहते आणि धातूचं डोकं सैल झालं की करंट हातात. वर आत लेड-ॲसिड बॅटरी असेल तर ती रिकामी ठेवल्याने दोन-चार महिन्यांत मरते. त्याऐवजी यूएसबीवर चार्ज होणारी घ्या.

प्रश्न : गावी वडील पंचाहत्तरीचे आहेत. त्यांना चांगल्यातली चांगली टॉर्च द्यायची आहे, कोणती? (वाचक, मुंबई)

उत्तर : सर्वांत महाग देऊ नका. एकाच बटणावर सहा मोड आणि त्यात लखलखणारा स्ट्रोब, हा प्रकार वडिलांच्या हातात वैताग होतो. एका एए सेलची, मागे दाबायचं बटण असलेली, दोनच मोडची टॉर्च पाहा. १०० लुमेन अंगणापर्यंत पुरतात आणि सेल गावच्या दुकानात मिळतो. उजेड ४,००० ते ५,००० केल्व्हिनचा (उजेडाच्या रंगछटेचं माप) घ्या. ६,५०० चा निळसर पांढरा डोळ्यांना जास्त खुपतो. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वर असेल तर गोळ्यांच्या पाकिटांचे रंगही ओळखता येतात. अंधारात चाचपडायला नको म्हणून टॉर्चला दोरी बांधून ती पलंगाच्या दांड्याला अडकवून द्या. सोबत चार्ज केलेले दोन जादा रिचार्जेबल सेल आणि चार्जर ठेवा.