काहेरवर लिहितेस, तर आधी त्याच्या नाकाकडे बघ

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

इराणच्या काहेर-३१३ या विमानावरचा तुझा लेख वाचला. माहिती खूप जमवली आहेस, पण निम्मा लेख चेष्टेत गेलाय. चेष्टा सोपी पडली की तपासणी मागे पडते, आणि तुझं नेमकं तेच झालंय. माझी उमेदीची वर्षं लढाऊ विमानांच्या देखभालीत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२ फेब्रुवारी २०१३ ला तेव्हाचे इराणचे राष्ट्राध्यक्ष अहमदिनेजाद यांच्या उपस्थितीत हे विमान जगाला दाखवलं गेलं. इस्लामी क्रांतीच्या वर्धापनाचा सोहळा चालू होता. हे विमान रडारला जेमतेम दिसेल, असं संरक्षणमंत्री अहमद वाहिदी यांनी सांगितलं. त्यावर तू ‘हे बनावट आहे’ असं एका वाक्यात लिहून मोकळी झालीस. वाचकाला तुझा शेरा नकोय, त्याला कारण हवंय. आणि कारण विमानाच्या अंगावरच लिहिलेलं असतं.

नाकापासून सुरू कर. लढाऊ विमानाचं रडार नाकात बसतं आणि त्याच्या अँटेनाला जागा लागते. काहेरचं नाक इतकं चिंचोळं होतं की तिथे कामाचं रडार बसवायचं कसं, हा पहिला प्रश्न. मग हवा आत घेणारी तोंडं बघ. ती पंखांच्या वर होती आणि लहान होती. विमान नाक उचलून चढायला लागलं की शरीराच्याच आडोशानं हवा तुटायची भीती, म्हणजे नेमकी झुंजीच्या वेळी इंजिनाची उपासमार. शेपटाकडे जळता वायू बाहेर टाकणारं नीट नळकांडं दिसत नव्हतं, त्या उष्णतेत मागचा भाग टिकणार कसा? कॉकपिटमध्ये छोट्या खासगी विमानांत असतात तशी उपकरणं होती, आणि छताची काच धड पारदर्शकही वाटत नव्हती. एवढं मांडलंस की विशेषणाची गरजच उरत नाही.

स्टेल्थबद्दलचा, म्हणजे रडारपासून लपण्याबद्दलचा, तुझा परिच्छेद फारच घाईत उरकलाय. टोकदार आकार आणि करडा रंग दिला म्हणजे विमान रडारपासून लपत नाही. येणारी लहर पाठवणाऱ्याकडे परत जाऊ नये अशा कोनांत सगळ्या कडा जुळवाव्या लागतात. झाकणांच्या फटी बुजवाव्या लागतात, इंजिनाची फिरती पाती वळणदार बोगद्याआड दडवावी लागतात, शस्त्रं पोटात घ्यावी लागतात. शिवाय लहर शोषणारा लेप प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा नीट बसवावा लागतो. अमेरिकेचं वायएफ-२२ हे नमुना विमान १९९० मध्ये उडालं आणि त्यातून घडलेलं एफ-२२ हवाई दलाच्या सेवेत आलं २००५ मध्ये. आपलं तेजस तर स्टेल्थही नाही. ते ४ जानेवारी २००१ ला पहिल्यांदा उडालं आणि त्याची तुकडी उभी राहिली जुलै २०१६ मध्ये. मधली वर्षं चाचण्यांत जातात. एखादा देश ही मधली वर्षं दाखवतच नसेल, तर शंका तिथे धर.

इराणमधल्या दमावंद पर्वतावरून उडणाऱ्या काहेरचा तो फोटो तू मुख्य पुरावा केला आहेस. तो जोडकामाचा होता, पर्वताचं चित्र आधीपासून इंटरनेटवर होतं, हे खरं. पण त्यावरून फोटो खोटा ठरतो. विमान उडूच शकत नाही, हे त्यावरून ठरत नाही, ते वरच्या कारणांनी वेगळं मांडावं लागतं. आणि २०१७ चा फोटो घेतलास, पण तेव्हा काय घडलं ते गाळलंस, हे मला खटकलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये बदललेलं काहेर, मागे दोन छोट्या इंजिनांची तोंडं असलेलं, धावपट्टीवर स्वतःच्या बळावर चालताना दाखवलं गेलं. जमिनीवर चालणं आणि लढणं यांत फार अंतर आहे, तरी तुझ्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्टही लेखात यायलाच हवी.

आता ज्याच्यावर तू दोनच ओळी खर्च केल्यास, त्याच्याकडे येतो. इराणची जुनी विमानं. माझ्या मते खरा लेख तिथे आहे.

शहाच्या काळात इराणनं अमेरिकेकडे ८० एफ-१४ लढाऊ विमानं मागवली. १९७९ च्या क्रांतीआधी ७९ पोहोचली, शेवटचं अमेरिकेतच राहिलं. पुढे इराकशी आठ वर्षांचं युद्ध झालं आणि बनवणारा देशच शत्रू होऊन बसला. एफ-१४ चे पंख उडताना मागेपुढे फिरतात. ती यंत्रणा सुट्या भागांविना, कारखान्याच्या मदतीविना चालू ठेवायची म्हणजे काय, हे हँगरमध्ये घाम गाळलेल्या माणसाला विचार. एका विमानाचे भाग काढून दुसरं उभं करायचं, मिळेल तिथून माल आणायचा, नाही मिळाला तर स्वतः घडवायचा. अमेरिकी नौदलानं २००६ मध्ये एफ-१४ निवृत्त केलं आणि पुढच्याच वर्षी त्याच्या सुट्या भागांची विक्री थांबवली, ते इराणच्या हाती लागू नयेत म्हणून. तरीही ती विमानं त्यानंतर कित्येक वर्षं उडत राहिली. त्या तंत्रज्ञांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि तो तुझ्या लेखात दिसावा असं मला वाटतं. काहेरचा दावा करणारे मंत्री वेगळे आणि पाना हातात घेऊन विमानाखाली झोपलेला माणूस वेगळा.

पण त्या कौशल्यालाही मर्यादा असते. धातू थकतो, वायरिंगचं आवरण तडकतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये इराणच्या तबरीझ शहरात एफ-५ जातीचं एक जुनं अमेरिकी लढाऊ विमान कोसळलं. दोन्ही वैमानिक गेले, जमिनीवरचा एक माणूस गेला. क्रांतीआधी विकत घेतलेल्या या जातीच्याच विमानावरून इराणनं ‘साएके’ बेतलं, आणि २०१८ मध्ये देशी म्हणून दाखवलेलं ‘कौसर’ही दिसायला तेच. नव्याच्या घोषणा होत राहतात आणि वैमानिक मात्र वडिलांच्या वयाच्या विमानात बसतो. काहेरचं हसू येणं समजू शकतो, पण दाव्याची किंमत कोण मोजतं हे तू लिहायला हवंस.

आपल्याकडेही बघ. मिग-२१ ला आपण १९६३ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत वापरलं. आमच्या नाशिकजवळच्या ओझरला ती शेकड्यांनी तयार झाली, आणि बदली विमान वेळेवर न आल्यानं ती ठरल्यापेक्षा फार जास्त काळ उडवावी लागली. आता आपल्या स्टेल्थ विमानाची, ॲम्काची चर्चा आहे. २०२५ च्या एअरो इंडिया या विमान-प्रदर्शनात बंगळुरूला त्याचं पूर्ण आकाराचं मॉडेल मांडलं होतं, मॉडेल म्हणूनच. उद्या ते उडेल तेव्हा काहेरला विचारलेले सगळे प्रश्न त्यालाही विचार. लोक तुला देशद्रोही म्हणतील. तरी विचार.

दुसरा मसुदा करताना एफ-१४ आणि तबरीझ आधी घे, काहेर नंतर. २०१३ आणि २०१७ चे फोटो तुझ्याकडून एकाच ओळीत मिसळलेत, त्यांत इंजिनाची तोंडं वेगळी आहेत. ते सुटे कर, प्रत्येकाखाली तारीख आणि प्रसिद्ध करणाऱ्या वृत्तसंस्थेचं नाव टाक. चेष्टेचे तीन परिच्छेद काढलेस की शब्दमर्यादेत आरामात बसेल. झालं की पाठव, मी त्याच दिवशी वाचून कळवतो.

तुझा,
काका