केळीच्या पानासाठी पीवाय १५०

भाऊ, तुम्ही विचारलंय की रावेरकडच्या केळीबागा जलरंगात करताना कॅडमियम यलो आणि अल्ट्रामरीन निळ्याचा हिरवा मळकट का येतो, आणि दुसरा कुठला पिवळा घ्यावा. निकेल अझो यलो घ्या. ट्यूबवरचं नाव कंपनीगणिक बदलतं, म्हणून बारीक अक्षरातला पीवाय १५० (पिग्मेंट यलो, म्हणजे रंगद्रव्याचा क्रमांक) बघूनच घ्या.

दुपारचं ऊन मागून आलं की केळीचं पान आतून पेटल्यासारखं दिसतं. जलरंगात तो उजेड कागदाच्या पांढऱ्यातूनच येतो. कॅडमियम अपारदर्शक, तो कागदच झाकून टाकतो. त्यात अल्ट्रामरीनला जांभळट झाक असते, त्यामुळे हिरवा आणखी मंद होतो.

पीवाय १५० मात्र पूर्ण पारदर्शक आहे. पॅलेटवर दाट असताना तो चक्क मोहरीसारखा तपकिरी दिसतो, घाबरू नका. पाणी वाढवत जा, स्वच्छ पिवळा उमलतो. एकाच ट्यूबमध्ये इतकी मोठी उडी मला फार आवडते. निळा थॅलो (पीबी १५) घ्या, पण ब्रशच्या टोकाला लागेल एवढाच, तो पिवळ्याला गिळून टाकतो. कोवळ्या पोंग्यासाठी (न उलगडलेल्या पानासाठी) पिवळा जास्त आणि पाणी भरपूर. सावलीतल्या पानाला त्याच मिश्रणात किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). खोडाला लोंबणाऱ्या वाळक्या पानांना निळा वगळून पिवळा आणि सिएना पुरे. पीवाय १५० क्विनॅक्रिडोन रोझमध्ये (गुलाबी रंगात) मिसळलात तर उबदार सोनेरी केशरी मिळतो. एक लक्षात ठेवा, पीवाय १५० कागदाला धरतो, नंतर धुवून पुरता निघत नाही. उजेडाच्या जागा आधीच राखा.

उन्हात टिकण्याच्या बाबतीत हा भक्कम आहे. याउलट ऑरिओलिन (पीवाय ४०) हा दुसरा पिवळा दिसतो सुंदर, पण उजेडात हळूहळू करडा-तपकिरी पडतो. मी तो सुचवणार नाही.

यलो ऑकर, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग, जवळ असेल तर टाकून देऊ नका. पोंग्याला तो जड पडेल, पण वैशाखातल्या सातपुड्याच्या वाळल्या गवताला त्याच्यासारखा पिवळा नाही. आपल्या शेजारच्या अजिंठ्याच्या भिंतींवरचा पिवळाही मातीचाच आहे. तुमचं कॅडमियम पिकल्या घडासाठी ठेवा, तिथे त्याचं झाकणंच कामाला येतं. फक्त ब्रशला टोक काढायला तो ओठात धरायची सवय असेल तर सोडा, कॅडमियम विषारी आहे.